रोज रात्री एक भाग

गेल्या श्रावणात मी 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानमालिका अगदी पहिल्या भागापासून पाहायला घेतली. जाणकार मित्रांनी बजावले होते की २००५ साली नव्याने सुरू झालेली मालिका आधी पाहा आणि कृष्णधवल काळाच्या वाटेला जाऊ नकोस. तिथे पुठ्ठ्याचे नेपथ्य आणि रेंगाळणारे कथानक याखेरीज काही नाही. पण मधूनच गोष्ट ऐकायला बसणे मला लहानपणापासून जमलेले नाही. भाग जेमतेम पंचवीस मिनिटांचा असल्यामुळे जेवणानंतर रोज एक, असा नेम धरला.

पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, बीबीसीवर दाखवला गेला आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाच्या आधी त्याचे पुन:प्रक्षेपण करावे लागले. एका विचित्र विद्यार्थिनीचा माग काढत दोन शिक्षक रात्री भंगाराच्या आवारात शिरतात आणि तिथे त्यांना पोलिसांच्या टेलिफोनची पेटी दिसते, म्हणजे मालिकेचा नायक 'डॉक्टर' याचे काळातून प्रवास करणारे यान. तिला हात लावताच त्यांतला एक शिक्षक, इयन, दचकतो, कारण लाकडी पेटी आतून थरथरत असते. साठ वर्षांनंतर, पुढे काय होणार हे पुरते ठाऊक असूनही, त्या क्षणी मी ताटातला शेवटचा घास तसाच हातात धरून बसलो होतो. त्या पेटीचा यंत्रघरघरीसारखा आवाज बीबीसीचे ध्वनितंत्रज्ञ ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर किल्ली घासून काढला होता, हे कळल्यापासून तर तो मला अधिकच आवडू लागला आहे.

पुठ्ठ्याबद्दल मित्र खोटे बोलले नव्हते. डालेक या मालिकेतल्या यंत्ररूपी खलनायकांच्या पहिल्या कथेत गर्दी दाखवण्यासाठी मागे चक्क डालेकांची मोठी छायाचित्रे कापून उभी केलेली आहेत, आणि एकदा लक्षात आले की नजर तिथेच जाते. त्या काळी चित्रफीत कापून जोडणे खर्चाचे असल्यामुळे प्रसंग नाटकासारखे सलग चित्रित होत, आणि चूक झाली तरी पुढे रेटावे लागे. त्याच कथेत किरणोत्साराविरुद्धच्या औषधांचा उल्लेख करताना डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल 'हातमोजे' म्हणून जातात आणि पुढच्याच शब्दात स्वत:ला सावरतात. मला ही चूक काढून टाकलेली मुळीच आवडली नसती. चिडका, धूर्त, स्वत:च्या हुशारीवर खूश असलेला तो म्हातारा अशा अडखळण्यामुळेच घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा वाटू लागतो.

खरी अडचण चौथ्या कथेपाशी येते. मार्को पोलोच्या काफिल्यासोबत कुब्लाई खानाच्या दरबारापर्यंतचा हा १९६४ सालचा सात भागांचा प्रवास आज पाहताच येत नाही. महागड्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या जात, परदेशी विकलेल्या फिल्मच्या प्रतीही निरुपयोगी ठरवून नष्ट झाल्या, आणि साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग असेच गेले. २०१३ साली नायजेरियातून नऊ भाग परत मिळाल्याचे जाहीर झाले, पण मार्को पोलो त्यांत नव्हता. उरला तो आवाज, तोही काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावल्यामुळे.

हे भाग गाळून पुढे जावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो मानला नाही. जॉन क्युरा नावाचे एक गृहस्थ पैसे घेऊन टीव्हीच्या पडद्याची छायाचित्रे काढून देत, आणि या कथेतल्या सहा भागांची तशी छायाचित्रे उपलब्ध आहेत. ती जपली दिग्दर्शक वारिस हुसेन यांनी. लखनौत जन्मलेल्या या तरुणाने मालिकेची पहिलीच कथा दिग्दर्शित केली होती, हे मला या निमित्तानेच समजले. एका हाताने छायाचित्रे पुढे सरकवत आणि कानाने वाळूचे वादळ ऐकत मी तीन रात्री त्या काफिल्यासोबत काढल्या.

चौथा भाग हुसेन यांनी दिग्दर्शित केलेला नाही, तो जॉन क्रॉकेट यांचा. त्याची छायाचित्रेही नाहीत. त्या रात्री मी दिवा मालवला, फोन उशीपाशी पालथा ठेवला आणि पंचवीस मिनिटे नुसते ऐकत राहिलो.