सहा नंबरच्या मशीनचा स्क्रीन

आमच्या मशीन शॉपमध्ये स्क्रीन आले ते एका कागदामुळे. कुलंटने (कापताना मारतात त्या तेलकट पाण्याने) पिवळा पडलेला, कोपरे झिजलेला ड्रॉइंगचा कागद व्हीएमसीच्या (उभ्या मिलिंग मशीनच्या) दाराला लोहचुंबकाने चिकटवलेला असायचा. कस्टमरने ड्रॉइंगची रिव्हिजन (आवृत्ती) बदलली, क्वालिटीने नवीन प्रिंट काढली, पण मशीनवरची जुनी कोणी उतरवलीच नाही. खाचेची खोली ४.५ हवी होती, आम्ही ४.२ ने ३२० नग काढले. अख्खा लॉट परत आला. मालकांनी तो कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, "यापुढे मशीनवर कागद नको. स्क्रीन लावा."

आमचं युनिट नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे. सात टर्निंग सेंटर (सीएनसी लेथ) आणि पाच व्हीएमसी, अशी बारा मशीन. मी मेंटेनन्स बघतो. पण ज्याला वायर कळते त्याला कॉम्प्युटरही कळतो असा मालकांचा ठाम समज असल्यामुळे तेही काम माझ्याकडेच येतं.

हा प्रयोग तसा दुसऱ्यांदा होत होता. दोन वर्षांपूर्वी आम्ही ऑफिसातले जुने तीन पीसी शॉपमध्ये ठेवून पाहिले होते. एसएमपीएसचा (पीसीच्या पॉवर सप्लायचा) पंखा हवेतली तेलाची वाफ आत ओढायचा, वर कास्टिंगची धूळ बसायची, आणि आत काळा लगदा तयार व्हायचा. वीज कुठून घ्यायची, तर मशीनजवळ एक्स्टेंशन बोर्ड टाकून. त्या बोर्डावर पुढे मोबाईलचे चार्जर आले, टेबलफॅन आला, एका दिवाळीला तर माळाही आल्या. तिन्ही पीसी वर्षभरात गेले.

या वेळी पंखा नसलेले, पुढून सीलबंद असे २१.५ इंचाचे पॅनल पीसी घ्यायचे ठरलं. वीज कुठून द्यायची हा प्रश्न होताच. बारा ठिकाणी २३० व्होल्टचा पॉइंट म्हणजे बारा एमसीबी, बारा कॉन्ड्युट आणि बारा वेगळ्या नेटवर्क केबल. शिवाय आमच्याकडे दर सहा महिन्यांनी लेआउट बदलतो. नवीन पार्ट आला की मशीन सरकतं, आणि मशीन सरकलं की पॉइंट सरकवावा लागतो. तेव्हा मी पॉवर ओव्हर इथरनेटचा, म्हणजे पीओईचा विषय काढला. लॅनच्या त्याच केबलमधून डेटाही जातो आणि वीजही. गेटवरचे कॅमेरे तसेच चालत होते, त्यामुळे गोष्ट अगदी नवी नव्हती.

मालक लगेच तयार झाले. अडवलं ते इलेक्ट्रिशियन मामांनी. एकतीस वर्षं वायरिंगमध्ये गेलेला माणूस. त्यांनी सरळच विचारलं, "डेटाच्या वायरीत करंट सोडणार? पोरांचे हात दिवसभर कुलंटमध्ये असतात."

प्रश्न रास्त होता. तोंडाने समजावण्यापेक्षा मी करून दाखवलं. कॅमेऱ्याच्या नेटवर्क स्विचच्या, म्हणजे लॅनच्या केबल जिथे एकत्र येतात त्या डब्याच्या, मोकळ्या पोर्टला केबलचा एक तुकडा जोडला, दुसरं टोक सोललं आणि मल्टीमीटर मामांच्या हातात दिला. पन्नास व्होल्ट दिसतील अशी त्यांची अपेक्षा होती. काटा असता तर नुसता थरथरला असता. आकडा दोन-चार व्होल्टांवर उडत होता, बाकी काही नाही. स्विच आधी अगदी कमी व्होल्टेज सोडून पलीकडे २५ किलोओहमचा रेझिस्टर आहे का ते तपासतो. तो सापडला तरच पुढे ४४ ते ५७ व्होल्ट डीसी सोडतो, आणि तेही ६० च्या आतच. साधा लॅपटॉप लावला तर वीज जातच नाही. मामा थोडा वेळ मीटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आधी कोण म्हणून विचारतो, मग कडी काढतो." ते तयार झाले. या कामातलं सगळ्यात मोठं अप्रूव्हल माझ्या लेखी तेच.

पहिली चूक मात्र माझीच. स्विच मागवताना मी पोर्ट मोजले, वॅट मोजले नाहीत. २४ पोर्टचा, सगळे पोर्ट पीओई प्लस, एकूण ३७० वॅट. मला वाटलं, बारा स्क्रीन म्हणजे अर्धा स्विच मोकळाच राहील. आता ३७० ला २४ ने भागून बघा, साडेपंधरा वॅटसुद्धा येत नाहीत. २००३ साली पीओईचं जे पहिलं स्टँडर्ड आलं त्यात एका पोर्टमागे १५.४ वॅट होते, हा आकडा त्याच हिशोबातला. २००९ च्या स्टँडर्डने, म्हणजे पीओई प्लसने, पोर्टला ३० वॅट दिले, म्हणजे पूर्ण ताकदीने या स्विचचे बाराच पोर्ट चालणार. बरं, पोर्टवर ३० निघाले तरी शंभर मीटर केबलमध्ये थोडी वीज तापण्यात जाते हे धरून यंत्राच्या हाती २५.५ च पडतात. आमच्या पॅनल पीसीला पूर्ण उजेडात ४५ लागत होते. पहिला पीसी लावला तेव्हा त्याने दोनदा डोळे मिचकावले आणि झोपला.

मग २०१८ च्या स्टँडर्डचा स्विच घेतला. त्यात केबलच्या चारही जोड्यांतून वीज जाते. पोर्टला ६० वॅट, यंत्रापाशी ५१. त्याच्या वरच्या प्रकारात ९० आणि ७१.३. बारा पोर्ट गुणिले ६० म्हणजे ७२०, आणि नवीन स्विचचं बजेट ७४० वॅट. गणित काठावर बसलं, पण बसलं. जुना स्विच परत जाईना. मालकांना सांगताना मान खाली होती. ते एवढंच म्हणाले, "पार्किंगला कॅमेरे लावायचेच होते, तिकडे लाव."

केबलच्या लांबीचंही असंच. शेड साठ मीटर लांब, म्हणून लॅन केबलची शंभर मीटरची मर्यादा आपल्याला लागणारच नाही असं मी धरलं होतं. पण केबल काही कावळ्यासारखी उडत जात नाही. स्विचच्या रॅकमधून वर ट्रेवर चढते, खांबाला वळसा घालते, क्रेनच्या गर्डरखालून फिरते आणि मशीनपाशी पुन्हा खाली उतरते. सातपूर आयटीआयचा आमचा अप्रेंटिस पोरगा सुतळी घेऊन ट्रेच्या मार्गाने फिरला, तेव्हा शेवटच्या व्हीएमसीचं अंतर ११२ मीटर भरलं. रॅक ऑफिसच्या भिंतीवरून काढून शेडच्या मधोमध, खांबावर उंच बसवला. ऑफिसपासून रॅकपर्यंत फायबर टाकली. आता सगळ्यात लांबची केबल ८५ मीटर. सहा नंबरच्या मशीनची.

आणि तिनेच रडवलं.

बारापैकी अकरा स्क्रीन पहिल्या दिवसापासून व्यवस्थित चालू झाले. सहा नंबरचा दिवसातून चार-पाच वेळा आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. पॅनल पीसी बदलला, तरी तेच. स्विचचा पोर्ट बदलला, तरी तेच. व्हीएफडीचा, म्हणजे मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा, त्रास असेल म्हणून मोटारीच्या केबल आणि लॅनची केबल जिथे एकत्र धावत होत्या तिथे वेगळी ट्रे दिली, जिथे ओलांडायच्या तिथे काटकोनात नेल्या. ते करायलाच हवं होतं, पण सहा नंबर काही सुधारला नाही. तीन आठवडे गेले. रात्रपाळीचा ऑपरेटर त्या स्क्रीनला 'लोडशेडिंग' म्हणायला लागला.

धागा त्यानेच दिला. सकाळी पाळी सुटताना म्हणाला, "साहेब, साधं ड्रॉइंग उघडलं तर काही होत नाही. थ्री-डी मॉडेल उघडून फिरवलं की जातो. आणि शेजारचं मशीन रफिंगला लागलं असलं की हमखास."

पहिल्या वाक्याचा अर्थ लागला. मॉडेल फिरवलं की प्रोसेसरला जोर येतो, तो जास्त वीज ओढतो, आणि वायरीत कुठे अडथळा असेल तर पलीकडचं व्होल्टेज खाली बसतं. दुसऱ्या वाक्याचा अर्थ, अडथळा हलतोय, कारण रफिंगच्या जाड कापाला मशीन थरथरतं.

सुट्टीच्या दिवशी मामा आणि मी आलो. केबल दोन्ही बाजूंनी सोडवली. एका टोकाला एकेक जोडी पिळून शॉर्ट केली, दुसऱ्या टोकाला रेझिस्टन्स मोजला. चांगल्या तांब्याच्या कॅट-५ई केबलला (कॅट-५ई, कॅट-६ या लॅन केबलच्या प्रती) शंभर मीटरच्या जोडीचा, जाऊन-येऊन, १९ ओहमच्या आत यायला पाहिजे. म्हणजे ८५ मीटरला सोळाच्या आसपास. आमचे आकडे आले २४, २५ आणि ३१. चौथ्या जोडीचा आकडा ठरेचना. मामांनी खालून केबल हलवली की चाळीस, सोडली की साठ.

मामांनी खिशातून ब्लेड काढलं. एक तार घेतली आणि नखावर ठेवून हळूच खरवडली. वरचा तांबूस रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि आत चांदीसारखं पांढरं चकाकलं. ॲल्युमिनियम. वर नुसता तांब्याचा मुलामा. मग ती तार त्यांनी चार वेळा इकडे-तिकडे वाकवली, पाचव्या वेळी ती तुटली. तांब्याची इतक्यात तुटत नाही.

झालं असं होतं. आमचा एक बॉक्स मध्येच संपला, काम अडू नये म्हणून मी शहरातल्या एका दुकानातून घाईत दुसरा आणवला. बॉक्सवर कॅट-६ लिहिलेलं, भाव बराच कमी. हातात घेतला तेव्हाच तो हलका लागला होता. वजन जाणवलं आणि मी दुर्लक्ष केलं, याचा राग मला दुकानदारापेक्षा स्वतःवर जास्त आहे. नुसता डेटा न्यायचा तर अशी केबल कमी अंतरावर कशीबशी चालून जाते. पण वीज न्यायची म्हटली की तिचा रेझिस्टन्स तांब्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि त्याहून वाईट म्हणजे कनेक्टरची पकड. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू दबत जातं, वर ऑक्साइडचा थर धरतं, आणि मशीनच्या थरथरीने तो सैल जॉइंट आणखी सैल होतो. रफिंगचं कोडं तिथे सुटलं.

दुकानात परत गेलो तर उत्तर मिळालं, "सगळे हीच नेतात." वाद घालत बसलो नाही. त्या बॉक्समधली जेवढी केबल लागली होती तेवढी सगळी उपसली. दोन नंबर आणि नऊ नंबरलाही तीच निघाली, अंतर कमी म्हणून अजून बोलली नव्हती इतकंच. नवीन केबल घेताना मामा ब्लेड घेऊनच आले. काउंटरवर तार खरवडून पाहिल्याशिवाय पैसे दिले नाहीत. मला थोडं ओशाळल्यासारखं झालं, त्यांना अजिबात नाही.

तेव्हापासून सहा नंबर गप आहे.

बाकी बारीकसारीक गोष्टी चालताना कळत गेल्या. चालू स्क्रीनचा प्लग खेचायचा नाही. निघताना आत बारीक ठिणगी पडते आणि कनेक्टरची पिन हळूहळू खराब होते. आधी स्विचवरून पोर्ट बंद करायचा, मग काढायचा. मशीनजवळचे साधे प्लास्टिक कनेक्टर पावसाळ्यात हिरवे पडले, कारण कुलंटचे तुषार आणि डीसी व्होल्टेज एकत्र आले की पिन खाल्ली जाते. तिथे आता रबरी सील असलेली झाकणं आहेत आणि केबल खालून वर आत शिरते, म्हणजे थेंब तिच्यावरून ओघळत कनेक्टरपर्यंत जात नाही. स्विचमध्ये पोर्टला प्राधान्य ठरवता येतं. फायनल इन्स्पेक्शनच्या शेजारच्या मशीनचा स्क्रीन सगळ्यात शेवटी बंद पडेल असं लावून ठेवलंय.

सगळ्यात जास्त सुख यूपीएसचं. बारा ठिकाणी बारा डबे ठेवण्याऐवजी रॅकखाली एकच ऑनलाइन यूपीएस आहे. जून-जुलैत वादळी पाऊस झाला की आमच्या फीडरला, म्हणजे विजेच्या लाइनला, झटके बसतात. मशीन थांबतात, स्क्रीन मात्र उजळलेले राहतात आणि कितवा नग चालू होता ते समोर असतं. एखादा स्क्रीन अडकलाच तर मी पाथर्डी फाट्याच्या घरून पोर्ट बंद-चालू करतो. पूर्वी त्यासाठी रात्री अकराला गाडी काढावी लागायची. बायकोने हा फायदा माझ्याआधी ओळखला.

तक्रार एकच उरली आहे. सगळी अंडी एका टोपलीत आहेत. तो एक स्विच गेला तर बाराही स्क्रीन एकदम काळे. दुसरा स्विच कपाटात तयार ठेवा म्हणून मी दोनदा लिहून दिलंय. मालकांनी दोन्ही वेळा "बघू" म्हटलंय. तोपर्यंत प्रत्येक पार्टच्या चालू रिव्हिजनची एक प्रिंट क्वालिटीच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये असते, म्हणजे कागद पूर्ण गेला असं काही मी म्हणणार नाही.

या वर्षी खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, व्हर्नियर-मायक्रोमीटरला हळदकुंकू लागलं, आणि मामा शिडी लावून खांबावर चढले. स्विचच्या रॅकला त्यांनी झेंडूचा भलामोठा हार घातला. मी खालून ओरडलो, "मामा, जाळी झाकू नका, गरम होईल!" त्यांनी वरून माझ्याकडे बघितलं, हार बोटभर वर सरकवला, जाळीपुढे तळहात धरून हवा येतेय का ते पाहिलं, आणि मगच खाली उतरले.