ब्रीदर गोठला, प्लॅन बदलला

मंडळी, मागच्या वेळी छाती फुगवून लिहिलं होतं की ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑइल घातल्यापासून जनरेटर दुसऱ्या ओढीत चालू होतो. होतोच. शनिवारी मिनेसोटातल्या गोठलेल्या तळ्यावर, उणे २२ मध्येसुद्धा झाला. पण दीड तासाने ऑइलचा लाल दिवा लागला, इंजिनाने दोन आचके दिले आणि हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवरचा क्यूएसओ, म्हणजे चाललेला संवाद, अर्ध्यात तुटला.

बाहेर जाऊन बघतो तर बर्फावर भाकरीएवढा काळा डाग. चोक पाहिला, प्लग पाहिला, पेट्रोल पाहिलं. दुकानदाराला फोन केला, तर त्याचं एकच पालुपद, ‘चोक अर्धा ठेवा’. शेवटी बोटं बधिर होईपर्यंत स्क्रू काढून साइड कव्हर उघडलं आणि ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी, नळी उपसली. तोंडात पेन्सिलीएवढं पांढरं बूच! गाडीच्या हीटरपुढे धरल्यावर ते सटकन हातात आलं, मागोमाग सायीसारखा पिवळट लगदा.

पिस्टनच्या रिंगांमधून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, निसटणाऱ्या वायूत पाण्याची वाफ असते. ती ब्रीदरमधून एअरबॉक्सकडे (हवेच्या फिल्टरच्या डब्याकडे) जाते, तिथल्या गार हवेत गोठते. वाट बंद झाली की दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर. गाढवपणा माझाच, कमी लोडवर इंजिन हळू फिरवणारा इको मोड चालू होता. रेडिओ नुसता ऐकत असताना लोड जेमतेम ३० वॅट. इंजिन तापणार कसं?

रविवारी ऑइल भरलं, नळीला पाइपचा फोम गुंडाळला, इको बंद, जोडीला ५०० वॅटचा हीटर. जनरेटर तीन तास चालला! नळी उघडली तर आत नुसते थेंब. त्या थेंबांकडे मी किती वेळ बघत बसलो ते विचारू नका.

एका मित्राचा सल्ला, ‘जनरेटरभोवती प्लायवूडचं खोकं घाल’. नाही म्हणजे नाही. खोक्यात, तंबूच्या पडवीत, गॅरेजच्या उघड्या दारात, कुठेच नाही. कार्बन मोनॉक्साइडला (सीओ) वास नसतो. आमचा जनरेटर तंबूपासून किमान ६ मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, धुराचं तोंड पलीकडे. आणि सीओ अलार्म तंबूच्या गार कोपऱ्यात टांगू नका, घरगुती अलार्म बहुतेक ४ अंशांच्या वरच्या तापमानासाठीच बनवलेले असतात. मी गेल्या वर्षी तिथेच टांगला होता.

थांबा, लिहितालिहिता सुचलं. हीटर जाळून लोड कशाला वाढवायचा? १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहेच. रेडिओ तिच्यावर, जनरेटर दिवसातून दोनदाच, पण चार्जिंगच्या दणदणीत लोडवर. शून्याखाली ती चार्ज करायची नाही, म्हणून बॅटरी आणि चार्जर तंबूत उबेत, बाहेर फक्त वायर. तीही रबराची, साधी पीव्हीसी शनिवारी काठीसारखी ताठ झाली होती.

माझा चार्जर २० अँपचा, म्हणजे जेमतेम ३०० वॅट. कुणाकडे ४० चा पडून असेल तर हॅम रेडिओवाल्यांच्या विंटर फील्ड डेच्या आधी, जानेवारीच्या शेवटच्या वीकेंडपूर्वी, कळवा. तोवर सील झिरपतंय का ते बघतो.