गवताच्या काढ्यावरची साय: दुसऱ्या फेरीची नोंद

गवतावरचे जिवाणू, बहुधा बॅसिलस सबटिलिस, काढ्याच्या पृष्ठभागावर एकमेकांना चिकटून थर धरतात; त्या थरालाच इथे साय म्हटले आहे. पहिल्या फेरीतली साय तिसऱ्या दिवशी बुडाली होती. बरणीच्या आतला काठ तेलकट राहिल्यामुळे तिला पकड मिळाली नसावी, म्हणून या वेळी काच साबणाने धुऊन स्पिरिटने पुसली.

10 ग्रॅम वाळलेले गवत 500 मिली पाण्यात दोन तास भिजवून गाळले आणि काढा 15 मिनिटे उकळला. बॅसिलसचे बीजाणू (जिवाणूंचे टणक, सुप्त रूप) उकळीतूनही वाचतात, हे जर्मन जीवशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी 1876 मध्ये गवताच्या काढ्यावरच दाखवले होते. 1% ग्लिसरॉल घातले की साय दाट येते. तापमान 30 अंश. बरणी ‘अ’ अर्धी भरून स्थिर, ‘ब’ तशीच पण अधूनमधून हलवलेली, ‘क’ काठोकाठ भरून झाकण घट्ट.

24 तास: काढा गढूळ. सूक्ष्मदर्शकाखाली 400 पट मोठे करून पाहिल्यावर कांडीसारखे जिवाणू सुसाट पळताना दिसतात. खालच्या पेशी ऑक्सिजन संपवतात, मग बाकीच्या त्याचा माग काढत कशाभिकांच्या (पोहण्यासाठीच्या शेपटीसारख्या धाग्यांच्या) जोरावर वर येतात. कशाभिका नसलेल्या वाणांचीही साय धरते, पण उशिरा.

48 तास: ‘अ’वर धुरकट पापुद्रा. कव्हरस्लिप (सूक्ष्मदर्शकाची पातळ काच) अलगद टेकवून उचलली आणि पाहिली, तर पळापळ थांबलेली. लांब साखळ्या शेजारी शेजारी समांतर पडलेल्या. सबटिलिसमधली सर्वांत सुंदर गोष्ट इथेच आहे. चिकट शर्करा बनवणाऱ्या जनुकांच्या गटातच एप्सई प्रथिनाचे जनुक आहे, आणि ते प्रथिन कशाभिकेची मोटर क्लच दाबल्यासारखी सोडवते. चिकटायचा हुकूम सुटला की पोहणेही त्याच हुकुमाने थांबते.

72 तास: सुरकुत्या. साय पसरू पाहते, काच जागा देत नाही, म्हणून ती दुमडते. वर सोडलेला पाण्याचा थेंब मण्यासारखा गोल राहतो, कारण सायीवरचा बीएसएलए नावाच्या प्रथिनाचा जलरोधी थर. ‘ब’मध्ये काचेवर नुसते कडे आणि तळाशी तुकडे, ‘क’वर काहीच नाही.

अन्नातून विषबाधा करणाऱ्या बॅसिलस सीरियसचे बीजाणूही उकळीतून वाचतात, त्यामुळे साय सबटिलिसचीच आहे असे धरू नका. स्वयंपाकाची भांडी वापरू नका. टाकण्याआधी सगळे वेगळ्या कुकरमध्ये 121 अंशांवर 20 मिनिटे ठेवा. झाकण सैल, नाहीतर बरणी फुटते.

तिसऱ्या फेरीत एका बरणीच्या आतल्या काठाला पेट्रोलियम जेलीचा पट्टा लावायचा आहे. तेलकट काठाचा अंदाज बरोबर असेल, तर तिथली साय आधी बुडेल.