व्हॉल्व्हच्या कृष्णधवल संचाची दुरुस्ती : पडदा उजळला, चित्राचा तळ सरळ झाला

सध्या हाती असलेला टीव्ही संच १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या पिढीतला, हायब्रिड जातीचा आहे. त्याच्या सिग्नलच्या भागात ट्रान्झिस्टर आहेत, तर पडद्यावर इलेक्ट्रॉन शलाका फिरवणारे आडवे आणि उभे स्कॅनिंग व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर, चालते. आवाज स्वच्छ येत असे, पडदा मात्र काळा राही आणि थोड्याच वेळात आडव्या स्कॅनिंगला शक्ती आणि पिक्चर ट्यूबला उच्च दाब (व्होल्टेज) देणाऱ्या पीएल ५०४ या व्हॉल्व्हची प्लेट तापून लाल होऊ लागे.

अशा वेळी पीएल ५०४ बदलून पाहण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. या व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या जाळीवरचा, ऋण दाब आडव्या स्कॅनिंगची लय देणाऱ्या लाइन ऑसिलेटरच्या १५,६२५ हर्ट्झच्या लहरींमुळेच तयार होतो. त्या थांबल्या की कोरा व्हॉल्व्हसुद्धा तसाच लाल होतो, आणि असे व्हॉल्व्ह आता सहजी मिळत नाहीत. म्हणून स्क्रीन ग्रिड या दुसऱ्या जाळीचा पुरवठा सोडवून आधीच्या, म्हणजे कंट्रोल ग्रिडवरचा दाब मोजला, तेव्हा तो जवळजवळ शून्य निघाला. मागे जात लाइन ऑसिलेटरच्या पीसीएफ ८०२ या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचल्यावर त्याच्या प्लेटचा कार्बन रेझिस्टर पूर्ण तुटलेला सापडला. तो बदलताच ऋण दाब परतला आणि पुरवठा पुन्हा जोडल्यावर पडदा उजळला.

चाचणीचे चित्र संचाला प्रक्षेपणासारखे पुरवणाऱ्या मॉड्युलेटरमधून चौकटींची नक्षी दिली, तेव्हा तळाच्या ओळी एकमेकींवर दुमडलेल्या दिसल्या. उभे स्कॅनिंग चालवणाऱ्या पीसीएल ८०५ या व्हॉल्व्हच्या पेंटोड भागाकडे जाणारा कपॅसिटर गळत असावा, असा संशय आला. सर्व व्हॉल्व्हच्या तापवणाऱ्या तारा, म्हणजे फिलॅमेंट, ३०० मिलीअँपिअरच्या एकाच मालिकेत असल्याने व्हॉल्व्ह उपसून ही तपासणी करता येत नाही, कारण एक काढला की सगळेच विझतात. त्याऐवजी कपॅसिटरचे ग्रिडकडील टोक सोडवून त्यावरचा डीसी दाब मोजला. उभे स्कॅनिंग थांबल्यावर उरणारी एकच प्रखर रेघ पिक्चर ट्यूबचे फॉस्फर (पडद्याचा चमकणारा लेप) जाळू शकते, म्हणून ब्राइटनेस आधीच पूर्ण उतरवून ठेवला होता. सुट्या टोकावर धन दाब मिळाला, जुना कागदी कपॅसिटर काढून पॉलिप्रॉपिलीनचा बसवला आणि तळ सरळ झाला.

अशा संचाची चासी, म्हणजे धातूचा सांगाडा, थेट मेनशी जोडलेली असते. मेनपासून विलग करणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय तिच्यावर कोणीही काम करू नये, आणि संच बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबचा उच्च दाबाचा अ‍ॅनोड चासीकडे डिस्चार्ज केल्याखेरीज त्याच्या टोपीला हात लावू नये.

चित्राची रुंदी अजून थोडी कमी पडते. त्यामुळे पुढच्या टप्प्यात आडव्या स्कॅनिंगचा पुरवठा वाढवणारे बूस्ट कपॅसिटर आणि पीवाय ८८ हा डायोड व्हॉल्व्ह तपासणार असून उभी लिनिअ‍ॅरिटी (ओळींमधले सारखे अंतर) त्यानंतरच जुळवणार आहे.