पानी फिरनं

आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक ऑक्टोपस आहे. मी कॉलेजात रुजू झालो त्याच्याही आधीपासूनचा. फॉर्मॅलिनमध्ये राहून राहून त्याचा रंग जुन्या धोतरासारखा झालाय. प्रॅक्टिकल परीक्षेत स्पॉटिंगला ठेवला की निम्मी मुलं बरणीवरूनच ओळखतात. झाकणाला तडा गेलेली, म्हणजे ऑक्टोपस. धुळे जिल्ह्यातली आमची मुलं, समुद्र बघितलेली वर्गात चार-पाच निघायची.

म्हणून गेल्या डिसेंबरात टी.वाय.ची सहल नराऱ्याला नेली. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, वाडीनारजवळ. १९८२ साली जाहीर झालेलं हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. त्यात ४२ बेटं आहेत, पण नराऱ्याला होडीही लागत नाही. ओहोटी लागली की प्रवाळाचा पट्टा उघडा पडतो आणि घोटाभर पाण्यातून चालत जाता येतं. वनखात्याची परवानगी, सोबत स्थानिक गाइड आणि पायात बूट मात्र हवेतच.

२८ मुलं, मी, एक सहकारी मॅडम आणि लॅब अटेंडंट आप्पा. आप्पांना खरं तर यायचं नव्हतं. गहू पाण्यावर आला होता. पांझरा नदीच्या फडात, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सामाईक पाळीने भिजणाऱ्या शेतांत, त्यांची दोन बिघे जमीन आहे आणि वडील हयातभर पाटकरी होते. बंधाऱ्याचं पाणी पाटातून कुणाच्या वावरात कधी सोडायचं, हे ठरवून देणारा माणूस. शेवटी भावाला पाळी सांभाळायला सांगून आले, सोबत कळण्याच्या भाकरींचं गाठोडं घेऊन. कोंडाईबारीचा घाट उतरून सुरत, तिथून रात्रीच्या गाडीने जामनगर. सुरतेत तापी ओलांडताना त्यांनी विचारलं, "सर, आपल्या पांझरेचं पाणी तिकडेच भेटेल का मग?" म्हटलं, नाही आप्पा, पांझरा तापीला मिळते, पण तापी इथूनच पुढे खंबातच्या आखातात जाते. आपण चाललोय ते आखात वेगळं. थोडे हिरमुसले.

अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते. उधाणाचे दिवस म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, पाणी लांबवर हटतं. साडेसातला चालायला लागलो. पाठीमागे तेलशुद्धीकरण कारखान्याच्या चिमण्या, पुढे नजर पोचेल तिथवर चिखल, शेवाळ आणि डबकी. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, हेच का?"

हेच. पण वाकून बघावं लागतं. पहिल्याच डबक्यात ताटाएवढं समुद्रफूल पसरलेलं. मग काळी, जाड काकडीसारखी समुद्रकाकडी. छेडलं तर ही आपली आतडीच बाहेर टाकते आणि नंतर नवी उगवते, हे मी वर्गात दर वर्षी सांगतो. इथे मुलांनी तिच्याभोवती गोल केला आणि कुणी बोट लावलं नाही. गाइडने मात्र एक फुग्या मासा उचलून हातावर घेतला. तो टम्म फुगला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला ते आवडलं नाही. फुगणं ही त्याची घाबरगुंडी असते, आणि आपण तिकीट काढून ती बघायची? तसं बोललो. गाइडने मासा पाण्यात सोडला आणि मग बराच वेळ माझ्याशी बोलला नाही.

ऑक्टोपस आप्पांना दिसला. म्हणजे त्यांना दगड हललेला दिसला. "सर, हाऊ दगड जित्ता शे!" आम्ही धावलो. तपकिरी, खडबडीत, शेवाळाचे डागसुद्धा अंगावर. वाळूवर आला तसा एका क्षणात फिका पडला, पुन्हा खडकाशी गेला आणि गडद झाला. त्याच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात, त्या स्नायूंनी ताणल्या की रंग उमटतो, सैल सोडल्या की मिटतो. तीन हृदयं, निळसर रक्त. हे सगळं मी १५ वर्षं फळ्यावर लिहितोय. जिवंत मीही तो पहिल्यांदाच बघत होतो, हे मुलांना सांगितलं नाही.

किती वेळ गेला कळलं नाही. मुलं गुडघ्यावर, मोबाइल पाण्याला टेकलेले. गाइड निम्म्या मुलांना घेऊन बराच पुढे गेला होता. समोरचा समुद्र होता तिथेच होता, त्यामुळे मी निश्चिंत. आप्पा मात्र आमच्याकडे पाठ करून उभे, मागच्या एका वीतभर रुंदीच्या ओहोळाकडे बघत.

"सर, पानी फिरनं."

"कुठे?"

"मघाशी पानी तिकडे चाललं होतं, आता हिकडे येतंय. आते निंघा."

खरंच. येताना ज्या चरांमधलं पाणी समुद्राकडे उतरत होतं, तेच आता किनाऱ्याकडे चढत होतं. सपाट खडकावर भरती तोंडावर लाट होऊन येत नाही. आधी खोलगट वाटा भरतात, त्यातल्या कित्येक तुमच्या मागच्या बाजूला असतात, आणि तुम्ही उभे असता ती जागा शेवटपर्यंत कोरडी दिसते. भरतीचं वेळापत्रक माझ्या खिशात होतं. घड्याळ बघायचं मीच विसरलो. सहलीचा प्रमुख मी, तेव्हा चूक दुसऱ्या कुणाची नाही.

आप्पांनी मुलांची रांग लावली, स्वतः पुढे. कुठला चर उथळ, कुठे वळसा घ्यायचा, हे ते पाण्याच्या चालीवरून ठरवत होते. एकदाही चुकले नाहीत. तेवढ्यात लांबून गाइडची हाक आली, "चालो, चालो! पाणी आवे छे!" शेवटचा चर ओलांडताना मुलींच्या गुडघ्याच्या वर पाणी होतं, येताना तिथे घोटा बुडला नव्हता. किनाऱ्यावर दोनदा शिरगणती केली. २८. मॅडमनी माझ्याकडे फक्त बघितलं. दुपारी जेवताना गाइडने आप्पांना विचारलं, तुम्ही कोळी का? आप्पा म्हणाले, नाही, आमच्याकडे गहू असतो.

परत आल्यावर मी सहलीचा हिशोब ऑफिसात दिला. ३१ जोड कॅनव्हास बुटांचं बिल शेरा मारून परत आलं आहे: 'समुद्रकिनारी बुटांची आवश्यकता स्पष्ट करावी.' उत्तर अजून लिहायचंय. आप्पा म्हणतात, लिहू नका काही. त्यांचा उजवा बूट प्रवाळाने तळाशी आरपार कापला गेलाय, तो तसाच बिलाला जोडा.