पाच किलो रवा

२४ मार्च २०२०. रात्री आठला पंतप्रधानांनी मध्यरात्रीपासून २१ दिवसांचा लॉकडाऊन सांगितला आणि सव्वाआठला मी पिशव्या घेऊन खाली. दुसऱ्या दिवशी पाडवा, पण साखरेच्या गाठी आणायचं डोक्यातूनच गेलं. वाण्याने शटर अर्धं ओढलेलं, आणि त्याखालून वाकून लोक याद्या ओरडत होते. कणीक संपलेली. "काकू, तूरडाळ एकच किलो मिळेल," तो म्हणाला. रव्याला मात्र मर्यादा नव्हती. पुढच्या माणसाने पाच किलो घेतला, म्हणून मीही घेतला. आमच्याकडे महिन्याला अर्धा किलोसुद्धा लागत नाही हो!

मग उपमा, शिरा, डोसे, परत उपमा. लेकाने "आज काय?" विचारणंच सोडलं. डाळ तर चार-पाच दिवसांत परत आली. सासूबाई "भाजून ठेव गं" म्हणाल्या होत्या, मी ऐकलं नाही. मे महिन्यात डबा उघडला तर रव्याला जाळी धरलेली, आत अळ्या.

तळमजल्यावरच्या आजी त्या रात्री गर्दी बघूनच परत फिरल्या होत्या. हे मला जूनमध्ये कळलं, त्यांच्याच तोंडून.