पॅरिसमधली शाळांची हिरवी अंगणं: शनिवारीच जा

सोमवार ते शुक्रवार अजिबात जाऊ नका. 'ओआसिस' अंगणं, म्हणजे डांबर काढून हिरवी केलेली शाळांची अंगणं, कधीही बघता येतात, असं आमच्या सहलीच्या आयोजकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. जूनअखेरीस गुरुवारी भर दुपारी पॅरिसमधल्या मेनिलमोंताँ भागातला चढ चढून गेले आणि फाटकावरूनच परत फिरले. मुलं आत असताना बाहेरच्यांना सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. लोकांसाठी उघडतात ती काही ठरावीक अंगणं, तीही शनिवारी. यादी पॅरिस महापालिकेच्या वेबसाइटवर आहे. वेळ बघूनच निघा.

तो चढ मात्र डोक्यातून जात नाही. दोन्हीकडे दगडी इमारती, वरून ऊन, खालून डांबराची धग. अर्ध्यातच पाणी संपलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. फ्रान्समध्ये २००३च्या उन्हाळ्यात सुमारे १५,००० माणसं उष्णतेने गेली, २५ जुलै २०१९ला पॅरिसचा पारा ४२.६ अंशांवर गेला, हे मी वाचलं होतं. कळलं ते त्या चढावर. या शहरात शाळांची अंगणं ७० हेक्टरांहून जास्त आहेत आणि बहुतेक डांबरी होती. २०१८मध्ये पहिल्या तीन शाळांपासून ते डांबर उखडायला सुरुवात झाली.

शनिवारी पुन्हा गेले, दोन बाटल्या पाणी घेऊन. बाहेरच्या डांबरावर तळहात टेकवत नव्हता. आत लाकडाच्या ढलप्या पसरलेल्या. वरून कोमट, दोन बोटं उकरलं तर खाली ओल! पूर्वी गटारात जाणारं पावसाचं पाणी आता तिथेच मुरतं, त्याची ती ओल. जुन्या झाडाखाली बसले ती तासभर उठले नाही.

म्हणून अंगण निवडताना जुनं झाड बघा. नव्या रोपांना सावली धरायला अजून बरीच वर्षं लागतील. नुसती जमीन फिक्या रंगाची केलेली असेल तर ते अंगण सोडा. ती डांबराइतकी तापत नाही हे खरं, पण दुपारी तिची तिरीप थेट तोंडावर येते. चपला नकोत, ढलप्या टोचतात. बंद बूट घाला.



तुम्ही शिक्षक असाल आणि आपल्या शाळेत असं अंगण करायचं मनात असेल, तर झाडाचे फोटो काढत बसू नका. बुंध्याभोवतीचं डांबर किती लांबपर्यंत काढलंय ते पावलांनी मोजून आणा. मी बसले होते त्या झाडाला एका बाजूने सात पावलं माती मोकळी होती.